रिकाम्या थेंबाशी शर्यत

उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्या सुटायला बारा-चौदा दिवस लागतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात स्टॅन्ली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ अशा नवजात पिल्लांना एक अर्क टोचत होते. अर्क होता मोठ्या उंदरांच्या लाळग्रंथींचा. त्यात मज्जातंतूंना वाढवणारं एक द्रव्य आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचाच पाठपुरावा चालला होता. पिल्लांनी मात्र भलतंच केलं. सहाव्या-सातव्या दिवशीच त्यांचे डोळे टकटक उघडले. दातही वेळेआधी आले.

मज्जातंतू वाढण्याचा आणि पापण्या सुटण्याचा काय संबंध? काहीच नाही. त्या अर्कात एक नव्हे, दोन द्रव्यं होती. एकाच्या शोधात असताना दुसऱ्यानं पिल्लांच्या डोळ्यांतून आपली हजेरी लावली होती. कोहेननी त्याचा पिच्छा सोडला नाही. १९६२ साली त्यांनी ते प्रथिन वेगळं काढून दाखवलं. अवघ्या ५३ अमिनो आम्लांची ही साखळी त्वचेसारख्या आवरणांच्या पेशींना वाढायला लावते. तिला पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ, असं नाव मिळालं. मूळ शोध ज्याचा चालला होता ते नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ.

एनजीएफचा माग आधी लागला तो रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना. बाई इटलीतल्या तुरीनच्या, ज्यू घराण्यातल्या. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाची दारं बंद केली तेव्हा त्यांनी घरी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांचे मज्जातंतू न्याहाळत राहिल्या. युद्ध संपल्यावर त्या सेंट लुईला गेल्या. तिथे कोहेन त्यांचे सहकारी झाले. लाळग्रंथींच्या आधी ज्या अर्कावर काम चाललं होतं, त्यातली न्यूक्लिक आम्लं नष्ट करून बघावीत म्हणून कोहेननी एकदा त्यात सापाचं विष घातलं, तर परिणाम कमी व्हायच्या ऐवजी कितीतरी वाढला. हवं ते द्रव्य विषातच ठासून भरलेलं होतं! विषग्रंथी म्हणजे तरी काय, सापाची लाळग्रंथीच. मग उंदराच्या लाळग्रंथीत बघायला काय हरकत आहे? असा तो लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास. १९८६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता वाचकांनी एक अंदाज करावा. डोळ्याला खरचटलं आहे आणि समोर दोन बाटल्या आहेत. एकीत आवरणाच्या पेशी वाढवणारं ईजीएफ, दुसरीत मज्जातंतू वाढवणारं एनजीएफ. कोणते थेंब घालाल? कोणीही ईजीएफच्या बाटलीकडे हात नेईल. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. सशांच्या डोळ्यांवर ते छान चाललं, जखमेवर पेशी भराभर वाढल्या. माणसांवर आल्यावर गाडी अडखळली. काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत काहीच फरक पडला नाही. अमेरिका आणि युरोपात कॉर्नियाच्या जखमेवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली ती शेवटी दुसऱ्या बाटलीला.

असं का झालं हे समजायला कॉर्नियाकडे जरा जवळून बघायला हवं.

बुबुळाच्या पुढ्यात जे पारदर्शक पटल असतं तो कॉर्निया. रुंदी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, जाडी मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. एवढ्या जागेत रक्तवाहिनी एकही नाही, कारण रक्तवाहिनी आली की पारदर्शकता गेली. मग हा जगतो कशावर? प्राणवायू हवेतून अश्रूंत विरघळतो तेवढा, आणि साखर आतल्या बाजूच्या पाण्यातून. शरीराचा हा एक भाग बराचसा थेट हवेवर श्वास घेतो, असं म्हटलं तरी चालेल. त्याची मधली जाड थर-रचना कोलॅजनच्या धाग्यांची असते. केसाच्या दोन हजारांश जाडीचे हे धागे इतक्या ठरावीक अंतरावर बसवलेले असतात की विखुरलेले प्रकाशकिरण परस्परांना रद्द करतात आणि प्रकाश सरळ पार जातो. डेव्हिड मॉरिस यांनी हे १९५७ साली मांडलं. त्याच कोलॅजनचं आपल्या डोळ्याचं पांढरं बनलेलं आहे. तिथे धागे जाडेभरडे आणि वेडेवाकडे आहेत, म्हणून ते पांढरं दिसतं. माल तोच. एक खिडकी आणि एक भिंत.

रक्तवाहिन्या नसल्या तरी मज्जातंतूंची मात्र इथे रेलचेल आहे. त्वचेच्या तुलनेत शेकडो पटींनी दाट. म्हणून तर डोळ्यात गेलेलं कुसळ माणसाला जग विसरायला लावतं.

सगळ्यात वरचा थर, एपिथेलियम, पाच ते सात पेशींचा. जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. हा थर आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलतो. जुन्या पेशी पापणीच्या उघडझापीबरोबर निघून जातात आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरच्या मूळपेशींपासून नव्या तयार होऊन मध्याकडे सरकत राहतात. आज तुम्ही ज्या पृष्ठभागातून हे वाचता आहात, तो पुढच्या पंधरवड्यात तुमच्याकडे नसेल.

आता या थराला ओरखडा पडू द्या. तान्ह्या बाळाचं नख, उसाचं पातं, ग्राइंडरची उडालेली कणी, काहीही. पहिले काही तास वरकरणी काहीच घडत नाही. मग जखमेच्या काठावरच्या पेशी खालच्या पायाशी असलेली आपली पकड सैल करतात, चपट्या होतात आणि उघड्या जागेवर सरकू लागतात. सुरुवातीला पेशींचं विभाजनही होत नसतं. आहेत त्याच पेशी पसरून जागा झाकतात. वेग तासाला ६० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तासाभरात जवळजवळ एका केसाची रुंदी. हे ऐकायला संथ वाटतं. पण चारही बाजूंनी काठ पुढे सरकत असतो. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत बुजतो आणि मागे वणही राहत नाही. जखम खोल जाऊन कोलॅजनच्या थरापर्यंत पोचली तर मात्र धाग्यांची ती शिस्त परत तशी बसत नाही आणि डोळ्यात फूल पडतं.

औषधाची अडचण इथेच आहे. जो अवयव दोन दिवसांत स्वतःच बरा होतो, त्याला बरं करण्याचं श्रेय औषधानं घ्यायचं कसं? मध घाला, अंगावरचं दूध घाला, कोणी अंगारा लावा. तिसऱ्या दिवशी डोळा उघडतोच आणि श्रेय मिळतं त्या दुधाला नाहीतर अंगाऱ्याला. घरगुती उपायांची कीर्ती बरीचशी अशी एपिथेलियमच्या जिवावर उभी आहे. (त्यातून जंतू गेले तर जो अनर्थ होतो, त्याची कीर्ती मात्र कोणी सांगत नाही.) डॉक्टर लोकही यातून सुटलेले नाहीत. ओरखडा पडलेल्या डोळ्यावर पट्टी बांधायची हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. पट्टीवाले आणि बिनपट्टीवाले असे गट करून ताडून बघितलं तेव्हा साध्या ओरखड्यात पट्टीमुळे डोळा लवकर बरा होतो असं काही दिसलं नाही.

थेंबाचंही एक स्वतःचं गणित आहे. डोळ्यावर अश्रूंचा जो पापुद्रा असतो तो सात मायक्रोलिटरच्या आसपास. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटर. वाटीत तांब्याभर पाणी ओतण्यातला प्रकार. बरंचसं औषध गालावर ओघळतं, उरलेलं नाकाकडे जाणाऱ्या नळीतून घशात उतरतं. थेंब घातल्यावर कडवट चव येते ती म्हणूनच. त्यात बाटली खराब होऊ नये म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं परिरक्षक एपिथेलियमच्या पेशींना इजा करतं. म्हणजे औषध बरं करायला निघालेलं आणि त्याच्याच बाटलीतलं दुसरं काहीतरी त्याचे पाय ओढतंय. उलट, थेंबातलं नुसतं पाणी जखम ओली ठेवतं, घाण धुऊन काढतं. यामुळे डोळ्याच्या चाचणीत 'रिकामा' थेंब खऱ्या अर्थानं रिकामा कधीच नसतो. औषध सोडून बाकी सगळं त्यात तसंच ठेवतात, बाटलीही तशीच, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. नवीन औषधाला या रिकाम्या थेंबाशी शर्यत लावावी लागते. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत हुशार औषध हा रिकामा थेंबच.

शर्यतीचा निकाल बघायची पद्धत तर निव्वळ सुंदर आहे. फ्लुओरेसिन नावाच्या केशरी रंगाची कागदी पट्टी असते. ती सलाइनच्या थेंबानं ओली करून खालच्या पापणीच्या आत अलगद टेकवतात. रुग्ण दोन-चारदा डोळे मिचकावतो, रंग पसरतो. मग खोलीतला दिवा घालवून स्लिट लॅम्पचा निळा प्रकाश सोडतात. धड एपिथेलियम अंधारा राहतो आणि जिथे पेशी नाहीत तिथला भाग हिरवागार चमकून उठतो. कडा इतक्या स्पष्ट असतात की डॉक्टर त्या ठिपक्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये टिपतात, फोटो काढतात. उद्या परत तेच. दिवसागणिक ते हिरवं बेट आक्रसत जातं. हा रंग १८७१ साली अडोल्फ फॉन बायर यांनी प्रयोगशाळेत बनवला. बनवताना त्यांच्या मनात डोळा नव्हता, रंगांचं रसायन होतं.

साध्या ओरखड्यात रिकाम्या थेंबाला हरवणं जवळजवळ अशक्य. मग औषधाची खरी परीक्षा घ्यायची तर जखम अशी हवी, जी आपणहून भरत नाही. अशी जखम आहे, आणि तिची ओळख विचित्र आहे: ती दुखत नाही.

१८२४ साली फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी यांनी सशाच्या चेहऱ्याचा संवेदना वाहणारा मज्जातंतू कापला. डोळ्याला हातही लावला नव्हता, तरी काही दिवसांत कॉर्निया गढूळ झाला आणि त्यावर व्रण पडले. मज्जातंतू नुसती वेदनेची वर्दी देत नाहीत, ते एपिथेलियमला पोसतातही. त्यांच्या टोकांतून झिरपणाऱ्या द्रव्यांवाचून पेशी सरकत नाहीत, वाढत नाहीत. माणसांत नागीण डोळ्याजवळ झाली, हर्पिसचा विषाणू बसला, मधुमेह जुना झाला किंवा मेंदूतली गाठ काढताना तो तंतू दुखावला, तर हेच घडतं. तपासणी अगदी साधी. डॉक्टर कापसाची बारीक वात वळतात आणि रुग्णाला समोर बघायला सांगून बाजूनं तिचं टोक कॉर्नियाला टेकवतात. कोणीही झटकन पापणी मिटेल. हा रुग्ण शांतपणे समोर बघत राहतो. मधोमध हिरवं बेट चमकत असतं आणि ते आठवडेच्या आठवडे तसूभर हलत नाही.

इथे एनजीएफची बाटली पुढे आली. १९९८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी उंदरांच्या लाळग्रंथीतून काढलेलं एनजीएफ अशा १२ रुग्णांच्या १४ डोळ्यांत घातलं. दहा दिवस ते सहा आठवड्यांत चौदाच्या चौदा डोळे भरून आले. बातमी मोठी होती. पण रिकाम्या थेंबाचा गट त्यात नव्हता. तो असलेली चाचणी व्हायला आणि निकाल लागायला जवळजवळ वीस वर्षं गेली. तोवर उंदरांची गरज संपली होती, कारण मानवी एनजीएफ जिवाणूंकडून बनवून घेता येऊ लागलं होतं. या औषधाचं नाव सेनेजर्मिन.

युरोपातल्या चाचणीत १५६ रुग्ण होते. थेंब दर दोन तासांनी, दिवसाला सहा वेळा, आठ आठवडे. फोटो तपासणाऱ्यांना कोणता डोळा कोणत्या गटातला हे माहीत नव्हतं. चार आठवड्यांनी रिकाम्या थेंबावरचे साधारण २० टक्के डोळे बरे झाले होते, औषधाच्या जास्त मात्रेवरचे ५८ टक्के. आठ आठवड्यांनी औषधाचा आकडा ७४वर गेला. आणि रिकाम्या थेंबाचा? ४३. आठवडेच्या आठवडे न हललेली ही बेटं, आणि त्यातली दहापैकी चार नुसत्या पाण्यासारख्या थेंबावर बुजली! १९९८च्या त्या चौदा डोळ्यांकडे यानंतर मागे वळून बघावंसं वाटतं.

यात आणखी एक गंमत आहे. 'बरा' कशाला म्हणायचं? आधीचा नियम होता, रंग धरणारा भाग अर्ध्या मिलिमीटरहून छोटा राहिला की बरा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कडक नियम लावला: जखमेच्या जागी रंग अजिबात नको आणि आजूबाजूलाही टिकून राहिलेला नको. त्याच चाचणीत या चाळणीतून औषधाचे ७४चे ७२ झाले, पण रिकाम्या थेंबाचे ४३चे ३३. औषधानं भरलेली जखम पुरती भरलेली होती. नुसत्या थेंबानं भरलेल्यांपैकी बऱ्याच जखमा जेमतेम भरल्या होत्या. अमेरिकेतली छोटी चाचणी धरून एकूण हिशेब ७० विरुद्ध २८ असा निघाला. २०१७ साली युरोपनं आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. लेव्ही-मोंताल्चिनी २०१२ साली, १०३व्या वर्षी, वारल्या होत्या.

तुलनेच्या गटाशिवाय काय होतं याचं सर्वांत चटका लावणारं उदाहरण शेजारच्या नेपाळातलं आहे. भक्तपूर भागात गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवून ठेवलं होतं, की कोणाच्या डोळ्याला खरचटलं तर रंग घालून बघा आणि तीन दिवस दिवसातून तीनदा क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम लावा. उद्देश जखम भरवण्याचा नव्हता, ती भरेपर्यंत जंतूंना दाराबाहेर ठेवण्याचा होता. ४८ तासांच्या आत आलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांचे डोळे जंतुसंसर्गाविना बरे झाले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ पैकी एकालाही व्रण झाला नाही. २००१ साली हे प्रसिद्ध झालं आणि गरीब देशांतल्या नेत्रवैद्यांना जणू किल्लीच सापडली. पण मलम न लावता किती जण बरे झाले असते? हे बघायला नेपाळातच नंतर मोठी चाचणी झाली. २४ ग्रामसमित्यांपैकी निम्म्यांत स्वयंसेवक, निम्म्यांत नाहीत, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी. निकाल २०२२ साली आला: कॉर्नियाच्या व्रणांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. यावरून मलम निरुपयोगी ठरत नाही. सगळे खरचटलेले स्वयंसेवकाकडे जातातच असं नाही, आणि वेळेत जातात असंही नाही. पण भक्तपूरचे ते देखणे आकडे डोळ्याच्या स्वतःच्या करामतीचे किती आणि मलमाचे किती, हा प्रश्न उघडा पडला तो पडलाच.

आपल्याकडे शेतात उसाचं पातं किंवा भाताचं तूस लागून होणाऱ्या जखमेत बुरशी शिरते. अशा बुरशीच्या व्रणांवर तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयात ३२३ रुग्णांची चाचणी झाली. एका बाजूला नवं, नावाजलेलं व्होरिकोनाझोल, दुसऱ्या बाजूला १९५०च्या दशकातलं नॅटामायसिन, जे चीजवर बुरशी येऊ नये म्हणूनही वापरतात. २०१३ साली निकाल लागला आणि जुन्या नॅटामायसिननं नव्याला स्पष्ट हरवलं. खेड्यातल्या औषधाच्या दुकानातून 'लाली जायला' म्हणून स्टेरॉइडचे थेंब घेऊन अशा डोळ्यात घातले, तर लाली जाते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. वेदना बधिर करणाऱ्या थेंबांचंही तसंच. कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनचा थेंब स्वतःच्या डोळ्यात घालून टाचणीच्या डोक्यानं कॉर्निया दाबून बघितला आणि काहीच जाणवलं नाही, तेव्हापासून डोळ्याच्या शस्त्रक्रिया सुसह्य झाल्या. पण असे थेंब घरी नेऊन रोज घातले, तर पेशींचं सरकणंच थांबतं. माजांदींचा ससा, बाटलीबंद.

सेनेजर्मिनच्या आठ आठवड्यांची किंमत अमेरिकेत लाखभर डॉलरच्या घरात जाते. साहजिकच स्वस्त काही मिळतं का याची शोधाशोध जगभर चालू आहे, आणि नजर खिळली आहे ती इन्सुलिनवर. अश्रूंत इन्सुलिन असतंच, कॉर्नियाच्या पेशींवर त्याला धरणारे ग्राहकही असतात. मलेशियात २०१७ साली मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत तीन मात्रा ताडून बघितल्या, तेव्हा सर्वांत कमी मात्रेनं सर्वांत चांगलं काम केलं. अनेक नेत्र रुग्णालयं आता हट्टी व्रणांवर इन्सुलिन निर्जंतुक पद्धतीनं पातळ करून देतात. (मधुमेह्यांनी फ्रिजमधली कुपी डोळ्याकडे नेऊ नये, हे सांगायलाच हवं.) मोठी चाचणी रचताना मात्र एक पेच पडतो. बाजारातल्या इन्सुलिनच्या कुपीत मेटाक्रेसॉल हे परिरक्षक असतं, आणि इन्सुलिन पातळ केलं की थोडंसं तेही थेंबात येतं. मग रिकाम्या बाटलीत काय भरायचं? नुसतं सलाइन भरलं तर रिकाम्या थेंबाला मेटाक्रेसॉलचा त्रास होणार नाही आणि इन्सुलिनवर अन्याय होईल. मेटाक्रेसॉल घालून भरलं तर तुलना बरोबरीची होईल, पण भरून यायला धडपडणाऱ्या डोळ्यात आपण जाणूनबुजून फक्त परिरक्षक घालत असू, आणि त्याला परवानगी द्यायची की नाही हे रुग्णालयाच्या नैतिकता समितीला ठरवावं लागेल.